ताकद नसती तर?

मुलांच्या गोष्टींतल्या सुपरहिरोंबद्दल बोला, असं मला सांगितलं आहे. मी सहावीला शिकवतो, त्यामुळे वर्गातूनच सुरुवात करतो.

रोज शेवटची दहा मिनिटं मी गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी ‘पर्सी जॅक्सन’ सांगत होतो. रिक रिऑर्डन स्वतः शिक्षक होते. त्यांच्या मुलाला डिस्लेक्सिया आणि एडीएचडी. त्याला रात्री सांगितलेल्या गोष्टीतून २००५ मध्ये ही कादंबरी आली. पर्सीला अक्षरं तरंगताना दिसतात, कारण म्हणे त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचायला घडलेला आहे. त्याची चुळबुळ म्हणजे लढवय्याची सावधगिरी, आणि बाप समुद्राचा देव! वर्ग खूश.

एक मुलगा मात्र गप्प होता. आईवडील नाहीत, खालाकडे राहतो. एका जागी पाच मिनिटं बसवत नाही त्याला. सुटल्यावर मागे राहून म्हणाला, “सर, तो देवाचा मुलगा नसता तर?”

मला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर सुपरमॅन आठवला. १९३८ मधल्या पहिल्या गोष्टीत केंट पतीपत्नी नाहीतच. रस्त्याने जाणारा एक मोटारवाला बाळाला अनाथालयात देऊन जातो, आणि तिथली माणसं थक्क होतात ती बाळाची ताकद बघून. ज्या बाळाला खुर्ची उचलता येत नाही त्याचं काय, हे ती गोष्ट विचारत नाही.

हे विचारणारी कादंबरी मला कॅथरीन पॅटरसन यांची वाटते, ‘द ग्रेट गिली हॉपकिन्स’, १९७८ ची. पॅटरसनबाईंनी दोन कंबोडियन मुलं काही काळ सांभाळली होती. आपण त्यांच्याशी ‘थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे’ अशा मनाने वागतो, हे त्यांच्याच लक्षात आलं, आणि त्यातून ही गोष्ट सुचली. गिली अकरा वर्षांची, घरामागून घर बदललेली, जिभेला धार. ट्रॉटरबाईंच्या घरी आधीपासून विल्यम अर्नेस्ट आहे. सात वर्षांचा, घाबरट, गिलीच्या मते ‘मंद’. त्याच्यात कसलीही छुपी शक्ती निघत नाही. गिली त्याला कागदाचं विमान करून देते, तेही आधी स्वतःच्या मतलबासाठी. ते उडतं आणि पोरगं हरखून जातं. ट्रॉटरबाईंना त्याच्याकडून एवढंही नको असतं.

आपल्याकडे मुसलमानांना मूल घरी आणायचं तर बराच काळ १८९० च्या कायद्याखालचं पालकत्व एवढाच मार्ग होता. २०१४ मध्ये शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बालन्याय कायद्याखालचं दत्तक कोणत्याही धर्माच्या माणसाला खुलं असल्याचं सांगितलं. मार्ग आहे. पण चौकशीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा “मूल हुशार आहे ना?” हाच असतो. मीही तोच विचारला असता.

सध्या वर्गात गिली चालू आहे. विमानाच्या दिवशी त्या मुलाने वहीचं पान फाडलं. मी रागावलो नाही. आता ट्रॉटरबाईंचं घर सोडून गिलीला जावं लागतं, तो भाग येईल. तो त्याच्यासमोर कसा सांगायचा, हे मी अजून ठरवलेलं नाही.