बारावी कॉमर्स आणि बैलाचा घसारा



दहावीचा निकाल लागला की आपल्या गावात एकच गणित मांडतात. टक्के चांगले पडले तर सायन्स, कमी पडले तर आर्ट्स आणि मधल्यांना कॉमर्स. माझी पोरगी मधली. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात दोन वर्षांचं अकरावी-बारावी कॉमर्स, मराठीतून. पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन व व्यवस्थापन, अर्थशास्त्र. मी समजलो, पोरगी शिकून एखाद्या दुकानात बिलं फाडत बसेल.

अकरावीची परीक्षा संपली आणि उन्हाळ्यात तिनं विचारलं, "बाबा, औंदा शेतीत काय उरलं?" मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "किती काही नाही?" पंचवीस वर्षं शेती करून मला याचं उत्तर देता येईना.

तारेला टोचलेल्या बियाण्याच्या, खताच्या, काट्याच्या चिठ्ठ्या तिनं काढल्या. आधी रोजकीर्द, मग खतावणी. शेती वेगळी आणि घर वेगळं, हा तिचा पहिला कायदा. सहा क्विंटल ज्वारी घरात खायला ठेवली होती, ती मी कधी मोजलीच नव्हती. तिनं ज्वारीची किंमत शेतीला जमा धरली आणि माझ्या नावे उचल लिहिली. कापसाच्या पैशातून पुतण्याच्या लग्नाला वीस हजार दिले, तेही मी शेतीच्या खर्चात धरत होतो. तीही उचलच. म्हणजे शेतीनं बुडवलं म्हणून मी जे सांगत फिरायचो, त्यातलं थोडं मीच बुडवलं होतं. हे तुमच्यासमोर कबूल करायला लाज वाटते, पण खरं आहे.

मग निघाला घसारा. तिच्या पुस्तकात यंत्राचा घसारा, फर्निचरचा घसारा. बैल मला कुठं दिसला नाही. तिनं बैल बसवला. जोडी ऐंशी हजाराची, आठ वर्षं चालेल, शेवटी सोळा हजार येतील. उरले चौसष्ट हजार, म्हणजे वर्षाला आठ हजार. आठ एकराला वाटले तर एकरी हजार रुपये दरसाल झिजतात, आणि खिशातून जात नाहीत म्हणून दिसत नाहीत. नवी जोडी घ्यायची वेळ आली की सावकार आठवतो, तो यामुळेच.

पण एका जागी तिचं पुस्तकही अडलं. तिच्या आईचे बासष्ट दिवस डवरणीमागे, निंदणात गेले. दुकानाच्या हिशेबात मालकाच्या घरच्यांचं फुकट राबणं खर्चात येत नाही. पोरगी म्हणाली, "याच्यासाठी खाली वेगळी ओळ लागेल." अडीचशे रुपये रोजानं साडेपंधरा हजार. आई बाजूला भाकरी थापत होती. तिनं फक्त विचारलं, "कोण देणार?"

हीच ओळ दिल्लीच्या हिशेबात आहे. कृषी मूल्य आयोग प्रत्यक्ष खर्चात घरच्यांची मजुरी मिळवतो, त्याला 'ए-२ अधिक एफएल' म्हणतात. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा असा खर्च क्विंटलला ५,१४० रुपये धरला आणि दीडपट करून हमीभाव ७,७१० दिला. संकरित ज्वारीला २,४६६ धरून ३,६९९. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज 'सी-२' खर्चात येतं; दीडपट त्याच्यावर नाही. आपण मोर्चात दीडपट, दीडपट ओरडतो. कशाच्या दीडपट, हे विचारायचं तर आपल्या घरात वही पाहिजे. सावकाराकडे ती पहिल्यापासून आहे, आणि त्यात आपलं नाव आहे.

म्हणून ज्यांची पोरं कॉमर्सला आहेत त्यांनी हिणवू नका. चिठ्ठ्यांची पिशवी त्यांच्यापुढं ओता.

पोरगी आता बारावीला आहे. या हंगामाची वही पेरणीपासून चालू आहे. परवा एका चिठ्ठीवर ती अडली. कापसाच्या वजनातून क्विंटलमागं दोन किलो कापलेत, कशापायी ते लिहिलेलं नाही. ती विचारते, हे कोणत्या खात्यावर टाकू? उद्या त्या व्यापाऱ्याला मी हेच विचारायला जातोय. ज्यांच्या चिठ्ठीवर असंच कापलं असेल त्यांनी जेवणानंतर मला भेटावं, चिठ्ठी घेऊन.