न घेणाऱ्यांसाठीची जाहिरात



क्रिकेटचा सामना चालू असतो. षटक संपतं आणि पडद्यावर एक लांबलचक, काळीभोर मोटार येते. डोंगरातला वळणाचा रस्ता, नुकताच पडून गेलेला पाऊस, गाडीत एकटाच बसलेला एक देखणा गृहस्थ. तो कुठे चाललाय हे कुणी सांगत नाही. किंमतही सांगत नाहीत. पुढचं षटक सुरू होतं.

आता हा सामना चिखलीत, मेहकरात, मलकापुरात किती घरांत चालू असेल? त्या सगळ्या घरांत मिळून ती गाडी विकत घेऊ शकणारे किती निघतील? हाताच्या बोटांवर मोजता येतील. मग गाडीची कंपनी एवढा पैसा आपल्यासारख्यांवर का उधळते? साबणाची जाहिरात साबण घेणाऱ्यांसाठी असते, बियाण्याची शेतकऱ्यांसाठी असते. ही कुणासाठी असते?

माझं उत्तर असं आहे की ती मुख्यतः न घेणाऱ्यांसाठी असते. ज्याच्याकडे कोट रुपये आहेत, त्याला गाडी दाखवायला विक्रेता घरी येईल. पण त्याने ती गाडी घेऊन गावात आणली आणि कुणी वळूनच पाहिलं नाही, तर त्याचे पैसे फुकट गेले. बोनेटवरची चांदणी किंवा चार कड्या म्हणजे काय, हे पानटपरीवर उभ्या असलेल्या माणसालाही कळलं पाहिजे. घेणारा एक आणि ओळखणारे हजार, असा हा हिशोब आहे. त्या हजारांची शिकवणी म्हणजे ही जाहिरात.

आपल्याकडे ही शिकवणी कशी झाली, याचं माझ्या मते सगळ्यांत चांगलं उदाहरण जाहिरातीचं नाहीच. १० मार्च १९८५. मेलबर्नचं मैदान. भारताने पाकिस्तानला हरवून बेन्सन अँड हेजेस स्पर्धा जिंकली आणि १८२ धावा व ८ बळी मिळवणारे रवी शास्त्री ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ठरले. बक्षीस म्हणून मिळाली ऑडी १००. शास्त्री चाकामागे बसले आणि बाकीचा संघ जागा मिळेल तिथे, टपावर, बोनेटवर चढला. गाडीने मैदानाला चक्कर मारली. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांनी ते पडद्यावर पाहिलं, बाकीच्यांनी वर्तमानपत्रातल्या फोटोत. गंमत पाहा, आपली माणसं त्या गाडीवर एस.टी.च्या टपावर चढावं तशी चढली होती, आणि तरी, किंवा त्यामुळेच, ती गाडी आपल्याला आपली वाटली.

त्या वेळी ऑडी भारतात गाड्या विकतही नव्हती. ती रीतसर आली २००७ साली, म्हणजे २२ वर्षांनी. ज्या पोराने दहाव्या वर्षी तो फोटो कापून वहीत चिकटवला, तो तोवर बत्तीस वर्षांचा झाला होता, कमावता झाला होता. बावीस वर्षं आधी पेरणी आणि एवढ्या उशिरा काढणी, असं पीक कुठल्या कंपनीला मिळतं? २०२२ मध्ये रेमंडच्या गौतम सिंघानिया यांनी ती जुनी गाडी पूर्ववत करून ठाण्यात शास्त्रींना सुपूर्द केली, तेव्हा पुन्हा सगळीकडे बातमी झाली. २००७ मध्ये ऑडीची जुळणी सुरू झाली तीही कुठे, तर शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत, स्कोडाच्या कारखान्यात. आपल्या जिल्ह्याची वेस ओलांडली, जालना मागे टाकलं, की शेंद्रा.

ऑडीच्या खऱ्या जाहिरातींचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जॉन हेगार्टी नावाचे इंग्लंडातले जाहिरातकार ऑडीचा कारखाना पाहायला जर्मनीत गेले. तिथे एका जुन्या भित्तिपत्रकावर त्यांना एक वाक्य दिसलं, ‘फोर्स्प्रुंग दुर्ख टेक्निक’. अर्थ साधारण असा की तंत्रज्ञानाच्या बळावर पुढे. त्यांनी ते १९८२ पासून इंग्रजी जाहिरातींत जसंच्या तसं, जर्मनमध्येच वापरलं. बहुतेक इंग्रजांना ते कळत नव्हतं. पण कळत नाही म्हणजे काहीतरी भारी असणार, हा मनुष्यस्वभाव आहे. आपल्याकडे मंगलाष्टकं चालू असताना किती जणांना संस्कृत कळतं? तरी सगळे गंभीर चेहऱ्याने अक्षता धरून उभे असतातच. पुढे १९८६ मध्ये याच कंपनीने फिनलंडमध्ये बर्फावरून उडी मारायच्या उतारावर खालून वर गाडी चढवली आणि त्याची फिल्म केली. तसा चढ आयुष्यात कुणाला चढायचा नसतो. पण पाहिलेलं विसरतही नाही.

१९८९ मध्ये टोयोटाने लेक्सस आणली, तेव्हा तिच्याकडे ना जुनं घराणं होतं, ना जर्मन नाव. त्यांनी बोनेटवर काचेच्या पेल्यांचा मनोरा रचला आणि गाडी जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर ठेवून प्रचंड वेगाने इंजिन चालवलं. मनोरा हलला नाही. आम्ही नवे आहोत पण कच्चे नाही, हे सांगून झालं. मला स्वतःला ही जाहिरात सगळ्यांत प्रामाणिक वाटते, कारण तिने निदान यंत्राबद्दल काही सांगितलं.

बाकीच्या आलिशान गाड्यांच्या जाहिराती यंत्राबद्दल फारसं बोलतच नाहीत. आपल्याकडे मारुतीने एक फार मजेदार मालिका केली होती. तीत विक्रेता कसली कसली अवाढव्य, महागडी यंत्रं कौतुकाने दाखवतो आणि गिऱ्हाईक शेवटी एकच विचारतो, ‘कितना देती है?’ आपलं सगळं मध्यमवर्गीय शहाणपण त्या तीन शब्दांत होतं. महागड्या गाडीची जाहिरात या प्रश्नावरच पडदा टाकते. लिटरला किती जाते, सर्व्हिसिंगला किती लागतात, सुटा भाग कुठून मागवायचा, हे विचारणारा माणूस आमचा नव्हे, असं ती न बोलता सुचवते. आणि मग विचारायला आपल्यालाच लाज वाटू लागते.

ही प्रतिमा किती बलवान असते, हे टाटांच्या घरात एकाच वर्षी दोन्ही बाजूंनी दिसलं. जानेवारी २००८ मध्ये नॅनो जगापुढे आली, एक लाखाची गाडी म्हणून. त्याच वर्षी टाटांनी फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलरना विकत घेतल्या. नॅनोला ‘सगळ्यांत स्वस्त’ हे बिरूद चिकटलं आणि ते बुडवून गेलं. स्कूटरवर चौघे बसणाऱ्या ज्या कुटुंबासाठी ती होती, त्या कुटुंबालाच ती दारात उभी करायला संकोच वाटला. शेजारी काय म्हणतील? स्वस्त म्हणून ती विकायला नको होती, असं पुढे स्वतः रतन टाटांनीही बोलून दाखवलं. २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. यंत्र वाईट म्हणून नव्हे, निदान केवळ तेवढ्यासाठी नव्हे.

आणि प्रतिमेचा अतिरेक झाला की काय होतं, तेही याच घरात दिसलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये जग्वारने नव्या रूपाची जाहिरात काढली. भडक रंगांच्या कपड्यांतली माणसं होती, गाडी मात्र एकही नव्हती. जगभर थट्टा झाली. तुम्ही गाड्या विकता का, असं इलॉन मस्क यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

या सगळ्या जाहिरातींत एक गोष्ट समान असते. रस्ता रिकामा असतो. ना ट्रॅक्टर, ना मेंढ्यांचा कळप, ना उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल. जाहिरातींतल्या वाहतुकीबद्दल नियम आहेत. १९८५ मध्येच स्थापन झालेल्या ॲस्की या जाहिरात मानक परिषदेने बेफाम वेगाचं कौतुक नको असं सांगितलेलं आहे. म्हणून तळाशी बारीक अक्षरात ‘अनुकरण करू नका’ येतं. ते वाचायला भिंग लागतं.

आपल्या जिल्ह्याला तसा रिकामा रस्ता कधी माहीतच नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला आणि मेहकर, सिंदखेडराजाच्या माणसाला पहिल्यांदा जाहिरातीतला रस्ता घराजवळ मिळाला. सरळ, गुळगुळीत, सिमेंटचा. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. पण पडद्यावर वर्षानुवर्षं पाहिलेला वेग उजव्या पायात कुठेतरी साठलेला असतो. त्यातून जमिनीच्या मोबदल्याचे पैसे ज्यांना मिळाले, त्यांच्यातल्या काहींच्या दारात सगळ्यांत आधी आली ती गाडीच. मी त्यांना नावं ठेवणार नाही. बापजाद्यांची जमीन गेल्यावर गावात ताठ मानेने फिरायला काहीतरी हवंच असतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे मोठी गाडी, हे मात्र त्यांना कुणीतरी शिकवलेलं होतं.

शेवटी ऑक्टोबर २०१० ची गोष्ट. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजक, डॉक्टर, व्यापारी अशा मंडळींनी एकत्र येऊन एकदम सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या. किंमत जवळपास ६५ कोटी रुपये. मर्सिडीज १९९४ पासून भारतात आहे, पुण्याजवळ कारखाना आहे, पण असं गिऱ्हाईक तिनेही पाहिलं नसेल. हेतू उघड सांगितला गेला की आमच्या शहराकडे देशाचं लक्ष वेधायचं आहे. म्हणजे शहराने स्वतःची जाहिरात केली, आणि तिच्यासाठी माध्यम निवडलं ते मोटारीचं. कंपनी आपली जाहिरात वर्तमानपत्रात करते, इथे गिऱ्हाइकांनीच कंपनीला वर्तमानपत्र केलं. लक्ष वेधलं गेलं, यात शंका नाही.

त्या गाड्यांसाठी स्टेट बँकेने ४० कोटींहून अधिक कर्ज दिलं, तेही ७ टक्क्यांच्या आसपास व्याजाने. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षाअखेरीस याकडे बोट दाखवलं आणि त्याच भागात ट्रॅक्टरसाठी शेतकरी किती व्याज भरतो ते मांडलं. ते त्याहून बरंच जास्त होतं. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले जे सहा जिल्हे होते, त्यांतला एक आपला. इथल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. बँकेचंही एक गणित असतं. एकगठ्ठा, पगारपत्रकं आणि ताळेबंद असलेले कर्जदार, बुडण्याचा धोका कमी, म्हणून दर कमी. कागदावर ते बरोबरच आहे. पण बँकेतला साहेबही रात्री घरी जाऊन तोच सामना बघतो आणि त्याच काळ्याभोर गाडीची जाहिरात बघतो. दुसऱ्या दिवशी समोर मर्सिडीजचा अर्ज आणि ट्रॅक्टरचा अर्ज शेजारी शेजारी आले, तर कुठल्या अर्जदाराला तो आधी खुर्ची देईल?

ट्रॅक्टरचीही जाहिरात असते. ती खामगावच्या रस्त्याला भिंतीवर रंगवलेली असते. किती अश्वशक्ती आणि विक्रेत्याचा फोन नंबर, एवढंच त्यात असतं.