आपल्या पायाखालचा ग्रॅनाइट



सोलापुरात येऊन ग्रॅनाइटवर व्याख्यान कशाला, असे कोणी विचारले तर त्याला दोष देता यायचा नाही. आपला दगड काळा. भुईकोट किल्ल्याचा तट काळा, विहिरीतला कातळ काळा आणि शेतातली मातीही काळीच. हा काळा पाषाण म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून थिजलेला लाव्हा होय. परंतु तो वाहिला तेव्हा कशावर तरी पसरला असलाच पाहिजे. ती खालची भुई कोणती, हा आमचा आजचा विषय.

ती पाहायला खोल खणावे लागत नाही. वाडीकडे जाणाऱ्या गाडीत बसावे. कलबुर्गीपर्यंत काळा दगड सोबत करतो. मग शहाबाद लागते. ज्या फरशीवर आपल्यापैकी अनेकांचे बालपण अनवाणी गेले, ती शहाबादी फरशी म्हणजे एका फार प्राचीन उथळ समुद्राच्या तळाशी बसलेला चुन्याचा गाळ. वाडी मागे पडून यादगीर जवळ आले की देखावा पालटतो. गोल गोल धोंडे एकावर एक रचून ठेवल्यासारख्या टेकड्या दिसू लागतात. हा ग्रॅनाइट, वय सुमारे 250 कोटी वर्षे. दोनशे किलोमीटरांच्या आत एवढा काळ ओलांडता येतो, तेव्हा तिकिटाचे पैसे फुकट गेले असे म्हणवत नाही.

हे वय कळते कसे? ग्रॅनाइटात झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक असतात. त्यांत थोडे युरेनियम अडकलेले असते आणि ठरलेल्या संथ गतीने त्याचे शिसे होत जाते. शिसे किती साचले ते मोजले की स्फटिक केव्हा जन्मला ते कळते.

आता वयाहून महत्त्वाची गोष्ट. ग्रॅनाइट घडायला पाणी लागते. सोनार डाग देताना टाकणखार घालतो, म्हणजे डाग लवकर वितळून पसरतो. खोल तापलेल्या खडकात पाणी काहीसे तेच काम करते. आणि एवढ्या खोलवर पाणी नेतो कोण? आजच्या पृथ्वीवर ते काम मुख्यतः समुद्रतळ करतो. एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो आणि मुरलेले पाणी बरोबर नेतो. म्हणून जेथे ग्रॅनाइटचा लांबच लांब पट्टा आढळतो, तेथे एके काळी दोन भूपट्टांची गाठ पडली असावी, असा संशय घेण्यास जागा असते. कर्नाटकात असा एक पट्टा दक्षिणोत्तर सुमारे 400 किलोमीटर गेला आहे. बंगळूरजवळच्या रामनगराच्या जुन्या नावावरून त्याला क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात. त्याच्या पश्चिमेची जमीन 300 कोटी वर्षांहून जुनी, पूर्वेची बरीचशी 270 ते 250 कोटींची. जुन्या खडकांत सोडियम अधिक, नव्यांत पोटॅशियम. दोन निराळे भूखंड येथे सांधले गेले, असे अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. काही जण मात्र खालून वर आलेल्या उष्णतेचा हा परिणाम समजतात. आम्हांला पहिले मत अधिक पटते, पण वाद मिटलेला नाही.

जे सांधले ते तुटलेही. मादागास्करच्या ईशान्य किनाऱ्यावर अंतोंगिल उपसागराभोवती जे खडक आहेत, त्यांची वये आणि घडण कर्नाटकातील खडकांशी जुळते. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी ही दोन भावंडे वेगळी झाली. आपला वाटा उत्तरेकडे निघाला, वाटेत त्यावर लाव्हा पसरला, पुढे तो आशियावर आदळला आणि हिमालय उठला. तो रेटा आजही चालू आहे. वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर, म्हणजे चार-पाच वर्षांत वीतभर, आपण सर्व या सभागृहासकट सरकत आहोत.

हे ऐकायला गमतीचे वाटते. पण 30 सप्टेंबर 1993 ची पहाट येथे पुष्कळांना आठवत असेल. गणपती आदल्याच दिवशी बोळवले होते. किल्लारी येथून 80 किलोमीटरांवर; सोलापूरही हादरले होते. दख्खन म्हणजे अचल भूमी, असे तोवर आपण पाठ करीत आलो होतो. नंतर किल्लारीस छिद्र घेतले, तेव्हा 338 मीटर काळा पाषाण लागला, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळ आणि मग ग्रॅनाइटच्या कुळीतला जुना पट्टेदार खडक. ग्रॅनाइट गोठतो कित्येक किलोमीटर खोल. म्हणजे लाव्हा येण्यापूर्वीच त्याच्यावरचे सारे झिजून गेले होते. वरचा पाषाण ही केवळ चादर. हिमालयाकडून येणारा ताण सोसते ती खालची, ठिगळे लावलेली भुई, आणि जुनी कमजोर जागा असेल तेथे ती सुटते.

त्या वेळच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. 2002 साली तो पट्टाच रद्द झाला. किल्लारीत माणसे दगावली ती बहुतेक जड दगडमातीच्या भिंती आणि माळवदे अंगावर येऊन. आपल्या पेठांतही माळवदाची जुनी घरे आहेत. ज्यांची असतील त्यांनी भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांपासून सुटला आहे काय, हे जाणत्या गवंड्याकडून पाहून घ्यावे. आणि गळती थांबवण्यासाठी दर वर्षी माळवदावर नवी माती चढवीत असतील, तर आधी जुनी उतरवावी.