कुडाची भिंत पाहताना

वारली चित्रं आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीत आता घरोघरी पोचली आहेत. कुडत्यांवर, कपांवर, शाळांच्या कुंपणांवर ती दिसतात. आज मला बोलायचं आहे ते ज्या भिंतीवर ही चित्रं जन्मली, त्या भिंतीबद्दल.

मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर कुडाचं घर दिसलं, तर आधी छप्पर पाहा. त्याचा भार भिंतीवर नाहीच. दुबेळक्याच्या मेढी, म्हणजे वर फाटा असलेले लाकडी खांब, जमिनीत पुरतात, बेळक्यांत आडवी लाकडं बसवतात, वासे त्यांवर टेकतात. सगळं ओझं मेढींनी उचललं, म्हणून भिंत काठ्यांची असली तरी भागतं. छपराच्या वळचणी इतक्या खाली आणलेल्या असतात, की आत शिरताना वाकावं लागतं. कोकणातला पाऊस मातीच्या भिंतीला लागू नये, यासाठी ही सगळी तजवीज.

आता भिंतीजवळ या. ही कारवीची. सह्याद्रीच्या उतारांवर दाटीनं वाढणारी, सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी आणि फुलून झाली की वाळणारी. तिच्या सरळ काठ्या उभ्या लावून कामट्यांनी आवळल्या की कूड तयार. त्यावर माती-शेणाचं लिंपण, बहुधा बायकांच्या हातचं. उन्हं तिरपी असताना पाहा: तळहाताचे अर्धगोल एकमेकांत मिसळत गेलेले दिसतात. माझ्या मते या भिंतीवरचं पहिलं चित्र तेच. घाईनं पुढच्या पांढऱ्या आकृत्यांकडे वळू नका. काही ठिकाणी कुडाचा वरचा भाग न लिंपता मोकळा ठेवतात. तिथून उजेडाच्या बारीक रेघा आत उतरतात आणि चुलीचा धूर बाहेर पडतो.

आफ्रिकेत बुर्किना फासोमधल्या तिएबेले इथं कासेना जमातीच्या बायका मातीच्या भिंती अशाच हातांनी रंगवतात. तिथल्या राजवाड्याला २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. तिथं जाड माती स्वतःच घर तोलते. आपल्याकडे लाकूड तोलतं आणि माती पांघरूण होते.

वारल्यांच्या लग्नात सुवासिनी आपल्या या कुडाच्या भिंतीवर गेरूचा हात देऊन, तांदळाच्या पिठानं चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रकला कागदावर आणि कापडावर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र काढण्याआधी ते कापडालाही शेणाचा हात देत. त्यांचं एखादं मूळ चित्र पाहायला मिळालं, तर आकृत्यांमागचा तो तपकिरी पोत जरूर निरखा.