थोडी माणसे, पुरा मान
(कुणकेश्वर, ता. देवगड येथे दिलेल्या भाषणाचा सारांश)



मे महिना आला की आपल्या किनाऱ्यावर दोन गोष्टींची घाई असते. एक आंब्याची आणि दुसरी लग्नाची. मुंबईचे चाकरमानी याच दिवसांत गावी येतात, म्हणून लग्नेही याच दिवसांत. मांडव, बँड, जेवणावळी, मानपान, आहेर! मग मांडव उतरतो, पाहुणे परततात आणि बापाच्या हाती कर्जाचे हप्ते उरतात. ते फेडता फेडता धाकट्या मुलीचे कॉलेज बंद पडते. म्हणून आज मी नोंदणी विवाहाविषयी बोलणार आहे.

आपल्याकडे नोंदणी विवाह म्हटले की लोक कुजबुजतात, "पळून गेली असतील!" चार माणसांत झालेले लग्न म्हणजे कमी प्रतीचे, अशी आपली समजूत आहे. ही समजूत मनातून काढायची असेल तर बाबासाहेबांच्या जीवनाकडे पाहावे.

बाबासाहेबांचे पहिले लग्न माता रमाईंशी झाले ते भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार आटोपून बाजार बंद झाल्यावर. ती गरिबीची सक्ती होती. दुसरे लग्न १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत झाले. तेव्हा ते देशाचे कायदामंत्री होते, घटना समितीच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. मनात आणले असते तर अर्धी दिल्ली जेवायला बोलावता आली असती. पण त्यांनी आपल्या राहत्या घरी, विवाह नोंदणी अधिकाऱ्यासमोर, मोजक्या माणसांच्या साक्षीने डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. त्याच पुढे सविता आंबेडकर म्हणजे माईसाहेब. त्यांचे घराणे आपल्या शेजारच्या राजापूर तालुक्यातले. वधू सारस्वत ब्राह्मण आणि वर महार, हे त्या काळी दोन्हीकडच्या अनेकांना रुचले नाही. नोंदवहीने मात्र जात विचारली नाही. दोघांची संमती पाहिली आणि सह्या घेतल्या.

हे लग्न लहान होते, पण चोरून केलेले नव्हते. बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांसारख्या सहकाऱ्यांना पत्राने आधी कळवले होते. लहान आणि लपवलेले यांत फरक आहे, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे.

विद्यार्थी मित्रांनो, आता कायद्याचे थोडे समजून घ्या. आज जो विशेष विवाह कायदा आहे तो १९५४ चा. वराचे वय २१ आणि वधूचे १८ पूर्ण हवे. दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेले असावे. विवाह अधिकाऱ्याकडे लेखी नोटीस द्यायची. ती कार्यालयात लावली जाते आणि ३० दिवसांत कोणालाही हरकत घेता येते. पण हरकत कायद्याने सांगितलेल्या कारणांवरच घेता येते. पहिला जोडीदार हयात असणे, वय कमी असणे, निषिद्ध नाते असणे, मानसिक अवस्थेमुळे संमती देता न येणे, अशी ती कारणे आहेत. "आमच्या जातीचा नाही" ही हरकत कायद्यात बसत नाही. मुदत संपल्यावर, नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत, तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे स्वतःच्या तोंडाने म्हणायचे. मग सह्या आणि दाखला. विधीने झालेल्या लग्नाची मागाहून नोंद करणे ही वेगळी गोष्ट. दोहोंत गल्लत करू नये.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचे काय वाटते? मुलीला स्वतः बोलावे लागते. मांडवात तिच्या वतीने मामा, काका, भटजी, सगळे बोलतात. इथे तिचा शब्द नसेल तर लग्नच होत नाही. पत्नी ही नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची असावी, असे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते. त्या बरोबरीची सुरुवात इथे होते.

कोणी म्हणेल, मग आपल्या धम्मविधीचे काय? तोही साधाच आहे. होम नाही, सप्तपदी नाही. पांढरी वस्त्रे, पाण्याने भरलेले मातीचे नवे भांडे, दोघांच्या हाती सुताची दोन टोके आणि मंगलसुत्ताचे पठण. घरच्या अंगणात वीस माणसांत तो होऊ शकतो. सही सकाळी, वंदना संध्याकाळी. कशाला कशाची आडकाठी नाही.

आजी रुसेल, भावकी बोल लावील, हे मला ठाऊक आहे. तेव्हा आजीलाच साक्षीदार करा! तिची सही किंवा अंगठा त्या कागदावर कायमचा राहील. हजार जणांच्या पंगतीत तिला एवढा मान कधी मिळाला होता?

पालकांना एकच विनंती. जो पैसा वाचेल तो मुलीच्या नावाने ठेवा, तिच्या शिक्षणाला लावा. लग्न एका दिवसाचे असते, संसार जन्माचा असतो.

 जय भीम! नमो बुद्धाय!