शस्त्रक्रियेनंतरचे ताट



खानदेशात पाहुण्याला ‘पोटभर जेवा’ म्हणणे हा नुसता शिष्टाचार नव्हे. तो एक आशीर्वाद आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, मिलोच्या भाकरीवर आणि सुकडीवर दिवस काढलेली माणसे जळगाव व धुळे जिल्ह्यांतील अनेक घरांत आजही आहेत. त्यांच्या लेखी भरलेले ताट म्हणजे सुस्थिती आणि नाकारलेला घास म्हणजे अन्नाचा अपमान. अशा घरातील सून किंवा मुलगा वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून परत येतो आणि चार घास खाऊन हात धुतो, तेव्हा घर गोंधळून जाते. ‘एवढा खर्च करून माणूस उपाशीच राहणार का?’ असा प्रश्न स्वयंपाकघरातून उठतो. प्रश्न प्रेमापोटी विचारलेला असतो. परंतु त्याला योग्य उत्तर मिळाले नाही, तर याच प्रेमातून रुग्णाला अपाय होऊ शकतो.

स्थूलतेवरील शस्त्रक्रिया हे उपचाराचे पहिले पाऊल होय. शल्यविशारदाचे काम काही तासांत संपते. पुढचे काम रुग्णाने, त्याच्या घराने आणि गावाने करावयाचे असते, आणि ते जन्मभराचे असते.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

वजन घटविण्यासाठी आतड्यावर शस्त्रक्रिया करण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक १९५४ च्या सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा येथे झाला. त्यानंतर १९६६ साली आयोवा येथील डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराच्या वरच्या भागाची लहान पिशवी करून ती आतड्याला जोडण्याची पद्धत सुरू केली. तिलाच आज बायपास म्हणतात. या पिशवीत सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे, एवढेच मावते. दुसऱ्या प्रचलित पद्धतीत, म्हणजे स्लीव्हमध्ये, जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. उरलेले जठर दिसावयास केळ्यासारखे असते. जळगावकरांना याहून सोपी उपमा सांगावयास नको. काढलेल्या भागात भूक चेतविणारे एक संप्रेरकही तयार होत असते. त्यामुळे प्रारंभी भूकही मंदावते.

ही शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी नाही, आणि थोड्याशा वाढलेल्या वजनासाठी तर मुळीच नाही. वजनाच्या किलोग्रॅमना उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागले की शरीरभारांक मिळतो. दीड मीटर उंचीच्या आणि ९० किलोग्रॅम वजनाच्या स्त्रीचा भारांक ४० येतो. भारतीयांना कमी भारांकावरही मधुमेह व रक्तदाब गाठतात. म्हणून आपल्या देशातील शल्यविशारद साधारणपणे ३७.५ च्या पुढे, किंवा असे विकार जडलेले असल्यास ३२.५ च्या पुढे, या उपचाराचा विचार करीत आले आहेत. २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हापासून महाराष्ट्रातील सामान्य माणसालाही तिचे नाव परिचयाचे झाले.

तिचे लाभ खरे आहेत. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या प्रदीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण इतर स्थूल व्यक्तींपेक्षा कमी आढळले. परंतु हे लाभ टिकतात ते शिस्तीच्या आधारावर. पहिल्या १२ ते १८ महिन्यांत वजन झपाट्याने उतरते, नंतर स्थिरावते आणि जुन्या सवयी परतल्या तर पुन्हा चढूही लागते.

पहिले दोन महिने

शिरपूर किंवा चोपडा तालुक्यातील एक शिक्षिका उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणू. मोठ्या शहरातील रुग्णालयातून ती घरी परतली आहे. पहिले काही दिवस तिला फक्त पातळ, गाळलेले पेय चालते: मुगाच्या वरणाचे पाणी, भाज्यांचे सूप, लोणी काढलेले ताक. त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांपर्यंत दूध, पातळ वरण, ताक. मग घोटून मऊ केलेले अन्न, त्यानंतर मऊ शिजविलेले अन्न आणि साधारण दोन महिन्यांनी नेहमीचा आहार. प्रत्येक टप्पा किती दिवसांचा हे ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवितात. एखादी पायरी गाळणे म्हणजे टाके भरून न आलेल्या जठरावर ताण देणे होय.

या काळात भूक आणि तृप्ती यांची जुनी खूण उपयोगी पडत नाही. पोट भरल्याची जाणीव छातीखाली जडपणा, उचकी किंवा नाकातून पाणी येणे अशा रूपांनी होते. ही खूण दिसताच घास थांबवावा. त्यापुढचा एक घासही ओकारी आणतो. ‘एवढे तरी संपव’ हा आग्रह अशा वेळी क्रूर ठरतो.

खानदेशी ताट आणि नवे मोजमाप

आपले अन्न सोडावे लागेल ही भीती निराधार आहे. सोडावयाचा असतो तो क्रम आणि प्रमाण. नियम तीन आहेत. आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी भाकरी किंवा भात. घास लहान, आणि पीठ होईपर्यंत चावलेला. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यावे.

दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असा सर्वसाधारण दंडक आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, तर १०० मिलिलिटर दुधात सुमारे ३ ग्रॅम प्रथिने असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे हे काम किती जिकिरीचे आहे ते कळते. लहानशा पोटात भाकरीने आधीच जागा अडविली, तर प्रथिनांना ठाव उरत नाही. नुसत्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा ज्वारी व उडदाची कळण्याची भाकरी या दृष्टीने सरस. मात्र ती वरणात कुस्करून, आणि योग्य टप्पा आल्यावरच. भाजून घोटलेले वांग्याचे भरीत मऊ असते. तेल, मिरची व शेंगदाणे आवरले तर ते लवकर चालू शकते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हा जिल्ह्याच्या अभिमानाचा विषय आहे. केळे मऊ असले तरी गोड आहे. अर्धे पुरे, आणि तेही प्रथिनांनंतर. तुपात बुडालेली बट्टी आणि तर्रीची शेवभाजी यांना मात्र सणावाराच्या चवीपुरतेच स्थान द्यावे.

साखरेविषयी विशेष सावधगिरी हवी. बायपास झालेल्याने पुरणाचे मांडे आणि वाटीभर आमरस घेतला, तर साखर एकदम आतड्यात उतरते. छाती धडधडते, घाम सुटतो, पोटात कळ येते, जुलाब होतात. कधी दोन-तीन तासांनी रक्तातील साखर फार उतरून भोवळ येते. नेमकी हीच गोष्ट आखाजीला घडते. माहेरवाशिणीला आग्रह करण्याचा तो सण! आग्रह जरूर करावा, पण झोक्यावर बसण्याचा आणि गाणी म्हणण्याचा; रसाच्या दुसऱ्या वाटीचा नको. कानबाईच्या रोटाचा प्रसादही चिमूटभर घेतल्याने पूर्ण होतो, हे घरातील वडीलधाऱ्यांनीच मोठ्याने सांगावे. त्यांच्या शब्दाला पंगतीत वजन असते.

स्लीव्ह झालेल्यांची फसगत वेगळ्या वाटेने होते. घन अन्न अडते, पण गोड पेय सहज उतरते. कचेरीतील प्रत्येक टेबलावरचा साखरेचा चहा, उसाचा रस, लस्सी, थंड पेये यांनी उतरलेले वजन हळूहळू परत येते. मद्याचा धोका त्याहून मोठा आहे. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, ते रक्तात लवकर चढते आणि व्यसन जडण्याची शक्यता वाढते.

ऊन, पाणी आणि उपवास

वैशाखात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. निरोगी माणूस तांब्याभर पाणी एका दमात पितो. या रुग्णाला ते शक्य नसते. दिवसाचे दीड ते दोन लिटर पाणी त्याला घोटाघोटाने, दिवसभर प्यावे लागते. म्हणून शाळेत तास चालू असताना शिक्षिकेला, कचेरीत लिपिकाला आणि शेतात मजुराला पाण्याची बाटली जवळ बाळगण्याची मोकळीक हवी. निर्जळी उपवास या रुग्णांनी टाळावा. एकादशी असो वा रमजानचे रोजे, आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. साबुदाण्याच्या खिचडीने उपवास साजरा होतो, पण प्रथिनांची उणीव भरून निघत नाही.

गोळ्या, तपासण्या आणि एक इशारा

अन्न कमी जाते आणि काही घटक नीट शोषले जात नाहीत. त्यामुळे ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने जन्मभर घ्यावी लागतात. शाकाहारी घरांत ब-१२ ची उणीव आधीपासूनच असण्याचा संभव अधिक. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागले की घरचे घाबरतात. प्रथिने व लोह पुरेसे असल्यास ही गळती बहुधा तात्पुरती असते. पहिल्या वर्षी ठरावीक अंतराने आणि पुढे दरवर्षी रक्ततपासणी आवश्यक आहे. तीसाठी प्रत्येक वेळी मुंबई-पुण्याचा प्रवास करण्याचे कारण नाही. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या औषधांची मात्रा वजनाबरोबर बदलते. जुनी चिठ्ठी दाखवून औषधे घेत राहणे घातक ठरते. सांधेदुखीवर दुकानातून परस्पर वेदनाशामक घेऊ नये. बायपासनंतर त्याने व्रण होतात. विवाहित स्त्रियांनी १२ ते १८ महिने गर्भधारणा पुढे ढकलावी.

एक इशारा ग्रामीण भागासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला वारंवार ओकाऱ्या होऊ लागल्या, तर काही आठवड्यांत शरीरातील थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, संपते. पाय बधिर होतात, तोल जातो, एका वस्तूच्या दोन दिसतात, बोलण्यात भ्रम येतो. अशा वेळी गावातील रीतीप्रमाणे नुसते ग्लुकोजचे सलाईन लावले आणि आधी थायमिन दिले नाही, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेची माहिती असलेले रुग्णालयाचे कार्ड सदैव जवळ ठेवावे व कोणत्याही डॉक्टरांपुढे ते प्रथम ठेवावे. पाणीही न टिकणे, ताप व पोटदुखी, नाडी जलद चालणे, काळी शौचास होणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

मन आणि माणसे

शरीर बदलते, पण मनाची भूक जागच्या जागी असते. ज्याने दुःख, एकटेपणा, कंटाळा यांवर अन्नाचा उतारा शोधला होता, त्याला शस्त्रक्रियेनंतर तो आधारही उरत नाही. आमच्या शिक्षिकेला आधी वर्गामागून हाका ऐकू येत होत्या. आता बाजारात विचारतात, ‘काय गं, आजारी होतीस का?’ कातडी सैल पडते, चेहरा उतरतो, आणि काहीजण म्हणतात, ‘कष्ट न करता बारीक झाली.’ हा आरोप अन्यायाचा आहे. दर घासाला थांबणे आणि दर सणाला नकार देणे, हे वर्षानुवर्षे करणे म्हणजे कष्टच होत. रोजचे चालणे, स्नायू टिकविणारा व्यायाम आणि मन मोकळे करण्यास एखादे माणूस, ही या काळातील खरी औषधे आहेत.

गावाचा वाटा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ मधील फेरीत देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनाचे अथवा स्थूल आढळले. एकीकडे सातपुड्याच्या पाड्यांत कुपोषणाशी लढा चालू आहे, तर दुसरीकडे तालुक्याच्या गावांत वजनाचे विकार वाढत आहेत. ही दोन्ही संकटे चुकीच्या ताटातूनच येतात. शस्त्रक्रियेची पाळी थोड्यांवरच यावी, यासाठी शाळेतील मैदान, गावातील चालण्याचा रस्ता आणि मुलांच्या डब्यातील डाळ-भाजी यांकडे पंचायतीने व शिक्षकांनी आजच लक्ष दिले पाहिजे.

आणि ज्यांच्यावर ती पाळी आली आहे, त्यांच्यासाठी फार खर्चाचे काही करावयाचे नाही. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या दिवशी रजा नाकारू नये. शिक्षकांनी मुलांना दुसऱ्याच्या देहावर हसू न देण्याचे वळण लावावे. आशा कार्यकर्तीने महिन्यातून एकदा गोळ्या चालू आहेत ना, एवढे विचारावे. पंचायत सदस्यांनी लग्नाच्या पंगतीत आग्रहाचा हात स्वतः आवरावा.

‘पोटभर जेवा’ हा आशीर्वाद खानदेशाने जपावा. फक्त कोणाचे पोट किती घासांत भरते, हे ठरविण्याचा अधिकार जेवणाऱ्याचा आहे, एवढे मान्य करावे. ज्या घरात ती शिक्षिका चार घास खाऊन निःसंकोचपणे पंगतीतून उठू शकेल, त्या घरात तिची शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे खुशाल समजावे.