पडद्यावरची वर्दी

मी महूहून बोलतोय. कागदोपत्री या गावाचं नाव आता डॉ. आंबेडकर नगर आहे, पण आम्हा फौजी लोकांच्या तोंडून महूच निघतं. तीस वर्षांहून जास्त काळ सैन्यात काढला आणि निवृत्तीनंतर इथंच घर केलं. मोबाइल आणि समाजमाध्यमांत नवीन काय येतंय यावर बोला, असं मला सांगितलं गेलं. मी तंत्रज्ञ नाही. नातीला विचारल्याशिवाय माझ्या फोनमधली अक्षरं मोठी होत नाहीत. पण या नव्या प्रकारांतला एक माझ्या घरी येऊन गेला आणि तो मला दोन लाख रुपयांना पडला. त्याबद्दल बोलतो.

आधी थोडं जुनं सांगतो. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना भारतातला पहिला मोबाइल कॉल केला. त्या दिवसांत मी काश्मीरमध्ये होतो. घरची खबर यायची ती आंतर्देशीय पत्रानं. पत्ता काय, तर नाव, पलटण आणि ‘५६ एपीओ’. जवान सियाचीनला असो की राजस्थानात, घरच्यांनी लिहायचं तेवढंच. पत्ता असा, की माणूस कुठं आहे ते त्यातून कुणालाच कळू नये! पुढं २०२० मध्ये सैन्यानं फेसबुकसकट ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितली, तेव्हा तरुण अधिकारी कुरकुरले. मी तोवर निवृत्त झालेलो, त्यामुळे मला कुणाचा हुकूम लागू नव्हता. मी फेसबुकवर सगळं टाकत होतो. पलटणीच्या स्थापना दिनाचे फोटो, मित्रांची नावं हुद्द्यांसकट, मुलगा परदेशी गेला त्या दिवशीचा विमानतळ. आणि त्या जानेवारीतल्या सकाळी, ‘सौ. भाचीच्या लग्नासाठी इंदूरला, आज आम्ही एकटेच’ असं, वर चहाच्या कपाचा फोटो.

साडेदहाला फोन वाजला. दूरसंचार खात्यातून बोलतोय म्हणाले, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार. का? तर तुमच्या आधारवर दुसरं सिम घेतलंय आणि त्यावरून गुन्हा घडलाय. मग ‘पोलिसांकडे’ जोडून दिलं. व्हिडिओ कॉल सुरू झाला. समोर टेबल, मागं तिरंगा आणि वर्दीतला माणूस. तो पहिलं वाक्य बोलला, “जय हिंद, कर्नलसाहेब.”

मंडळी, मी तिथंच अर्धा हरलो. माझ्या नावावरच्या खात्यातून काळा पैसा फिरलाय, प्रकरण देशाच्या सुरक्षेचं आहे, कुणाशीही बोलायचं नाही, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, असं तो म्हणाला आणि मी “येस सर” म्हणालो. वयानं माझ्या मुलापेक्षा लहान पोरगा असेल! स्वतःला उपायुक्त म्हणवत होता आणि खांद्यावर तीन तारे, म्हणजे इन्स्पेक्टरचे. हे मी पहिल्या पाच मिनिटांत पाहिलं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या वर्दीतल्या चुका काढल्या, ही दिसली नसती तरच नवल. पण पाहूनही गप्प बसलो. स्वतःचीच समजूत घातली की असेल काहीतरी.

मी साडेचार तास त्या खुर्चीत होतो. बाथरूमला जातानाही परवानगी मागितली. ‘पडताळणीसाठी’ दोन लाख पाठवा, तपासून तासाभरात परत येतील म्हणाले. पाठवले. मग मुदत ठेवी मोडा म्हणाले.

तेवढ्यात पत्नी परत आली. मी ओठांवर बोट ठेवून तिला गप्प राहायची खूण केली. तिनं दोन मिनिटं ऐकलं आणि मोठ्यानं विचारलं, “अहो, पोलीस आहे ना हा? मग दारात का येत नाही?” आणि फोन उचलून बंद केला. मी तिच्यावर ओरडलो, हे सांगायला मला लाज वाटते. आता मला खरंच पकडतील तुझ्यामुळे, असं म्हणालो. माझ्या बदल्यांच्या काळात तिनं दोन मुलं, सासू आणि गळकं सरकारी क्वार्टर एकटीनं सांभाळलंय. ती शांतपणे म्हणाली, “पकडू दे. आधी चहा घ्या.”

‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये याबद्दल सावध केलं होतं आणि मी तो कार्यक्रम ऐकला होता. माहीत असणं वेगळं आणि त्या खुर्चीत बसणं वेगळं.

कायदा काय म्हणतो ते मी नंतर बसून वाचलं. फोनवरून अटक ही गोष्टच आपल्या कायद्यात नाही. अटक करायला माणूस समोर यावा लागतो. तो लेखी मेमो करतो, त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घेतो. अटक झालेल्याला आपल्या माणसाला कळवण्याचा हक्क असतो. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये हे घालून दिलं आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहे. म्हणजे बघा, ‘कुणाला सांगू नका’ हे त्यांचं मुख्य वाक्य कायद्याच्या बरोबर उलट आहे. खरा पोलीस म्हणेल, घरच्यांना बोलवा.

पत्नीच्या आग्रहानं मी १९३० वर फोन लावला. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. तिथं तक्रार नोंदली की बँकांना कळवलं जातं आणि पैसा पुढच्या खात्यांत सरकण्याआधी जिथं सापडेल तिथं गोठवतात. भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून तो फार भराभर पुढं जातो, म्हणून इथं तासांचा नाही, मिनिटांचा हिशोब असतो. मी अर्धा तास रुसण्यात घालवला होता. दोन लाखांतले पंच्याहत्तर हजार पुढं काही महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे गेले.

त्या पोरावर माझा खूप राग होता. मग मार्च २०२५ मध्ये बातमी वाचली. हवाई दलाच्या विमानानं थायलंडच्या मे सॉटहून २८३ भारतीयांना परत आणलं. नोकरीचं आमिष दाखवून त्यांना म्यानमारमधल्या अड्ड्यांत नेलं होतं आणि तिथं त्यांच्याकडून अशीच ऑनलाइन फसवणूक करून घेत होते. माझ्या समोरचा त्यांतलाच होता की स्वखुशीचा चोर, ठाऊक नाही. पण कधीकधी वाटतं, त्या साडेचार तासांत कदाचित आम्ही दोघंही उठायची परवानगी नसलेले होतो.

आठवडाभर मी कुणाला बोललो नाही. मग आमच्या अकादमीच्या बॅचच्या ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. दिवसभर शांतता. ज्या ग्रुपवर ‘सुप्रभात’ला चाळीस उत्तरं येतात, तिथं एक अंगठासुद्धा नाही. रात्री मात्र तिघांचे वेगवेगळे निरोप आले, फक्त मला. तिघंही फसले होते. एकाची रक्कम मी इथं सांगत नाही. त्यानं ती अजून बायकोलाही सांगितलेली नाही, तक्रारही केलेली नाही. लढाईत शौर्य गाजवलेला माणूस. मला लिहितो, “यार, लोक काय म्हणतील?” आज मी कॅमेऱ्यासमोर बसलोय तो त्याच्यासाठी. दोस्ता, ऐकत असशील तर उशीर झाला असला तरी तक्रार नोंदव. आणि वहिनींना सांग. त्या ओरडतील, मग चहा देतील.

आता पुढचं संकट आवाजाचं आहे. थोडंसं ध्वनिमुद्रण मिळालं की संगणक हुबेहूब तुमच्या मुलाच्या आवाजात बोलतो. ‘बाबा, अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा.’ तिथं खांद्यावरचे तारे मोजून भागणार नाही. यावर मी आमच्याकडची जुनी रीत घरी आणलीय. रात्री पहाऱ्यावरचा जवान म्हणतो, “थम! कौन आता है?” समोर कमांडिंग ऑफिसर असला तरी त्या रात्रीचा परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय पुढं येता येत नाही. आणि शब्द विचारला म्हणून कुठला साहेब त्या जवानावर चिडत नाही, उलट न विचारणाऱ्याला शिक्षा होते. तसा एक शब्द आमच्या घरात नातीनं ठरवलाय. फोनवर कुणीही पैशाचं बोललं की शब्द विचारायचा. येत नसेल तर फोन ठेवायचा आणि आपल्याकडच्या जुन्या नंबरवर स्वतः लावायचा.

गेल्या महिन्यात मुलाचा फोन आला. घराच्या कराचे पैसे भरायचे होते. मी म्हटलं, शब्द सांग. तो म्हणाला, “बाबा, मीच आहे हो!” मी म्हटलं, ते सगळेच म्हणतात. त्याला काही आठवेना. मी फोन ठेवला आणि त्याच्या नंबरवर उलट लावला. उचलला नातीनं. म्हणाली, “आजोबा, बाबा चिडलाय. पण मी त्याला शब्द नाही सांगितला.”